हवा कोण बघणार?



या पत्रिकेत आम्ही आजवर जे काही लिहिले ते बेण्याविषयी, खोडव्याविषयी, पाण्याच्या पाळीविषयी. गाडीघोड्यांवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, आणि ते कामही आमचे नव्हे, असेच आम्ही समजत होतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरच्या गाडीने आम्हाला जे शिकवले, ते चारचौघांत न सांगता दाबून ठेवणे बरे वाटत नाही. त्यात आमची चूक आहे, ती आधीच कबूल करून टाकतो.

आपल्या कार्यक्षेत्रात आज बैलजोडी नसलेले घर सापडेल, पण ज्या घराच्या दारात किंवा शेजाऱ्याच्या दारात पिकअप नाही असे घर शोधावे लागेल. खताच्या गोण्या, बेणे, रोपांचे ट्रे, वाढे, बाजाराचा भाजीपाला, दूध, आणि (कायद्यात बसत नसले तरी) लावणीच्या, खुरपणीच्या बाया, सगळे त्याच हौद्यात. आमचीही गाडी अशीच. सात वर्षे वापरलेली, घरची झालेली. चालवायला गावातलाच एक पोरगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. हात चांगला, व्यसन काही नाही.

तो पोरगा महिनाभर म्हणत होता, "अण्णा, गाडी डाव्या अंगाला वडतीया. स्टिअरिंग जड लागतंय." आम्ही गाडी गॅरेजला लावली. मिस्त्रीने टायरॉडचे एंड बदलले, मग अलाइनमेंट करून घ्या म्हणाला, तीही केली. मग म्हणाला, स्टिअरिंगचा बॉक्सच गेला असावा. तोवर अकरा हजारांच्या वर खर्च झाला होता आणि गाडी होती तिथेच होती, डाव्या अंगाला. तेव्हा आम्ही जे बोललो ते आज आठवले की लाज वाटते. आम्ही म्हणालो, गाडीत काही नाही, तुझ्याच हातात आहे.

आठवड्याने पाटाच्या पुलाजवळच्या वळणावर, हौद्यात बेण्याच्या मोळ्या आणि मोळ्यांवर सात बाया असताना, गाडी डावीकडे साईडपट्टीवर उतरली. पोराने जोर लावून उजवीकडे घेतली, ती एकदम जास्त आली, पुन्हा सावरली, आणि पुलाच्या दगडाला पुढचे चाक अडकून थांबली. दगड नसता तर गाडी पाटात गेली असती. पाट भरून वाहत होता. एका बाईच्या गळ्याजवळचे हाड मोडले, दोघींना मुका मार. गावात संध्याकाळपर्यंत ठरून गेले की ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता. आम्हीही ते खरे धरले आणि त्याच रात्री त्याला कामावरून कमी केले.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणताना पंक्चरवाल्याने सहज म्हणून चारही चाकांना काटा लावला. पुढच्या उजव्या चाकात ४१ पौंड हवा आणि डाव्यात १८. गाडीच्या दारावरच्या पत्र्यावर पुढच्या दोन्ही चाकांना ३५ लिहिलेले आहे. उजवे चाक दीड महिन्यापूर्वी पंक्चर काढताना अंदाजाने टम्म भरलेले; डाव्याचा व्हॉल्व्ह थोडा थोडा हवा सोडत होता. अकरा हजारांच्या दुरुस्तीत या दोन चाकांना काटा लावावा असे मिस्त्रीला सुचले नाही, अलाइनमेंटवाल्याला सुचले नाही, आणि गाडीचे मालक म्हणून आम्हालाही सुचले नाही.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला यातले वर्म सांगावे लागू नये. डाव्या बैलाने अंग चोरले की गाडी कुठे जाते? डावीकडेच. हवा कमी झालेले चाक म्हणजे अंग चोरणारा बैल. त्याचा टायर दबतो, जमिनीला जास्त चिकटतो, फिरायला जास्त जोर खातो, मागे राहतो. आणि ताज्या हवेचे चाक आपल्या चालीने पुढे जाते. गाडी मऊ चाकाच्या अंगाला वळत राहते. त्यात आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, पाणी वाहून जावे म्हणून. आपण डाव्या बाजूने चालतो. म्हणजे रस्ता स्वतःच गाडीला थोडी डावीकडे ढकलत असतो. डावे चाक मऊ असेल तर दोन्ही ओढी एका अंगाला येतात आणि ड्रायव्हर दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे धरून बसतो. अशा धरलेल्या हाताने अचानक वळण आले की माणूस जास्तच उजवीकडे घेतो. पोराचे तेच झाले.

मऊ चाकाचा दुसरा गुण असा की ते उशिरा ऐकते. स्टिअरिंग फिरवले की आधी टायरची भिंत पिळते, मग चाक वळते. हा उशीर डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो, आणि "गाडी सुस्त झालीय" एवढेच ड्रायव्हरला सांगता येते. आपण त्यावर हसतो.

जास्त हवा भरली तर बरे, अशीही एक समजूत आहे. गाडी हलकी पळते, डिझेल वाचते, असे म्हणतात. काही प्रमाणात ते खरेही आहे. पण टम्म टायर जमिनीवर मधल्या पट्ट्याने टेकतो. खडीवर, ओल्या मातीच्या डागावर, उसाचे पाचट सांडलेल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते, खड्ड्यात गाडी उडते, आणि उडालेले चाक वळत नाही. टायरकडे नुसते बघूनही पुष्कळ कळते. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला असेल तर हवा कमी, एकाच कडेने झिजला असेल तर चाकाचा कल बिघडलेला, आणि करवतीच्या दात्यांसारखा लागत असेल तर चाकांची तोंडे आत किंवा बाहेर गेलेली. हे बघायला मिस्त्री लागत नाही, तळहात लागतो.

आता एक गोष्ट आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, आम्हालाही नव्हती. गाडी नागासारखी डोलते, स्टिअरिंग धरवत नाही, म्हणून आपण पुढची चाके बघतो. पण दोष पुष्कळदा मागच्या चाकांत असतो. हौद्यात माल भरला की मागची चाके मऊ असल्यास त्यांच्या भिंती डाव्या-उजव्या हलू लागतात आणि गाडीचे शेपूट पुढच्या तोंडाला ढकलते. शिवाय मागे माल फार झाला, विशेषतः हौद्याच्या फळीबाहेर लोंबणारा, की पुढची चाके जमिनीवरून हलकी होतात. तेव्हा स्टिअरिंग हाताला लोण्यासारखे लागते. ड्रायव्हर खूश होतो, गाडी काय हलकी चालतेय म्हणून! ते हलकेपण घातक आहे, कारण चाक वळते पण गाडी वळत नाही. म्हणूनच दारावरच्या पत्र्यावर पुढचा आकडा वेगळा आणि मागचा वेगळा लिहिलेला असतो. पुष्कळ गाड्यांना रिकाम्या गाडीचा आणि भरल्या गाडीचा आकडाही निराळा असतो. आपण चारही चाकांना "एकसारखी मार" म्हणतो आणि निघतो.

पंक्चरच्या दुकानात आणखी एक घोळ होतो. टायरच्या भिंतीवर छापलेला हवेचा आकडा वाचून तेवढी हवा भरतात. तो आकडा त्या टायरला जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे, तुमच्या गाडीला किती हवी त्याचा नव्हे. त्याच भिंतीवर दुसरा एक आकडा असतो, तो मात्र जरूर वाचावा. तो ओझ्याचा. ९१ लिहिले असेल तर तो टायर ६१५ किलोचा, १०० असेल तर ८०० किलोचा, १०४ असेल तर ९०० किलोचा. माल धरून मागच्या आसावर १८०० किलो आले तर प्रत्येक चाकाला ९०० किलो झेलायचे आहेत. आणि आपल्यातले काही जण स्वस्त मिळाला म्हणून कारचा जुना टायर पिकअपला घालतात, ६१५ किलोचा! त्यात कितीही हवा भरा, तो टायर ते ओझे वाहण्यासाठी जन्मलाच नाही. टायर किती जुना हेही तिथेच लिहिलेले असते, चार आकड्यांत. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. वरून नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर वाळते आणि भिंतीला बारीक भेगा पडतात.

हवेचा काटा लावावयाचा तो सकाळी, गाडी निघण्यापूर्वी. गाडी चालली की टायर तापतो आणि आतला दाब वाढतो. दुपारी बाजारातून आल्यावर काटा लावला आणि हवा जास्त दिसली म्हणून सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी भरणार. हवामानाचेही तसेच. ऐन हंगामात पहाटे दहा अंश थंडी आणि मार्चमधल्या दुपारी चाळीस अंश ऊन, एवढ्या फरकाने ३५ पौंडाच्या चाकात सुमारे पाच पौंडांचा फरक पडतो. म्हणजे दिवाळीला भरलेली हवा डिसेंबरच्या धुक्यात कमीच झालेली असते, चाकाला भोक नसले तरी. शिवाय रबरातून महिन्याला पौंड-दीड पौंड आपोआप झिरपते ते वेगळे. डोळ्याने हे दिसत नाही. जुने नायलॉनचे टायर बसले की दिसायचे. हल्लीच्या रेडियल टायरचे पोट मुळातच सुटलेले असते, त्यामुळे पुरी हवा असताना तो बसल्यासारखा आणि निम्मी असताना बरा वाटतो. लाथ मारून हवा बघणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हीही मारत होतो.

(नायट्रोजन भरा म्हणून आग्रह करणारेही भेटतात. आपल्या नेहमीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे जास्त असतील त्यांनी भरावा; काटा मात्र त्यालाही लावावाच लागतो.)

हे सारे खेड्यातल्या अडाणीपणामुळे होते असे कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या देशात २००० साली याच हवेवरून केवढे रामायण झाले! फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची गाडी होती, त्यांच्याच रेंजर या पिकअपच्या घडणीवर बेतलेली. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर असत. फोर्डने या गाडीला २६ पौंड हवा सांगितली होती, टायरवाले पुढे म्हणू लागले की ३० हवी. टायरांत दोष होताच, पण कमी हवा, ओझे आणि ऊन यांनी टायर आणखी तापत, वरचा थर सुटून येई आणि वेगातली गाडी उलटे. दोनशेहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले, त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडच्या संसदेचा कायदा झाला, आणि २००८ सालच्या नमुन्यांपासून तिथल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली. दोन कंपन्यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा घरोबा २००१ मध्ये तुटला. चार पौंडांवरून एवढे झाले. आमच्या गाडीत फरक होता तेवीस पौंडांचा.

आपल्याकडेही समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन खात्याने नाक्यावर टायर तपासून खराब टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली. म्हणजे सरकारलासुद्धा हे पटले आहे. मग आपल्या कारखान्याला पटायला हरकत काय?

आता मुद्द्यावर येतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, कारखान्याच्या ऊस यार्डात आणि प्रत्येक गट कार्यालयाच्या आवारात हवेचा काटा आणि हवा भरण्याची सोय असावी, आणि ती सभासदांच्या पिकअपला, वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला, टायरगाडीला, कोणालाही फुकट असावी. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आहेच. यार्डापर्यंत एक नळी आणि हंगामापुरता एक माणूस, एवढाच खर्च. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे तर विचारूच नका. मागे दोन ट्रॉल्या भरलेल्या, पुढची चाके अर्धी उचललेली, एकात हवा एकात नाही, आणि असा ट्रॅक्टर रात्री घाटाच्या उतारावर. तो ड्रायव्हर कशाच्या भरवशावर वळतो ते त्यालाच ठाऊक.

हा विषय आम्ही काही संचालकांच्या कानावर घातला. एकजण म्हणाले, कारखान्याचे काम साखर करण्याचे, टायर बघण्याचे नव्हे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, उद्या आपण हवा तपासली आणि परवा अपघात झाला, तर लोक कारखान्याला धरतील. दुसऱ्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पण ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा कारखाने हंगामाच्या तोंडावर घेतात, तेव्हा हा प्रश्न कोणी काढला नाही. रिफ्लेक्टर लावलेल्या ट्रॉलीला अपघात झाला म्हणून रिफ्लेक्टर लावणाऱ्याला कोणी धरले असे आम्ही ऐकलेले नाही. नोंदवहीत तारीख, गाडी आणि चार चाकांचे चार आकडे लिहावेत, ड्रायव्हरची सही घ्यावी. पुढची जबाबदारी गाडीवाल्याची.

आणि सभासदांनाही दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहवत नाही. वजनकाट्यावर दहा किलोचा संशय आला तर आपण दुसऱ्या काट्यावर गाडी नेऊन खातरजमा करतो, वार्षिक सभेत माईक ओढून घेतो. तो आपला हक्कच आहे. पण ज्या चाकावर आपली लेकीसुनांच्या वयाची माणसे बसतात त्याला कधी काटा लावला, असे विचारले तर उत्तर नाही. शेतात ट्रॅक्टर घालताना मागच्या चाकांची हवा उतरवावी आणि डांबरीवर आल्यावर चढवावी हे आपल्याला बापजाद्यांपासून नाही तरी पहिल्या ट्रॅक्टरपासून ठाऊक आहे. म्हणजे अक्कल आहे, सवय नाही.

हवा सारखी करूनही गाडी ओढत असेल तर मात्र मिस्त्रीकडे जावे, पण जाण्यापूर्वी पुढची दोन चाके डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे करून बघावीत. ओढ बाजू बदलली तर दोष टायरात आहे, स्टिअरिंगमध्ये नाही. नाही बदलली तर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावे-उजवे धरून खडखडले तर टायरॉड. थोडे चालवून एकाच चाकाची तबकडी जास्त तापत असेल तर त्या अंगाचा ब्रेक धरून राहतो आहे. आणि अलाइनमेंट नेहमी हवा सारखी केल्यावरच. आमच्यासारखी १८ आणि ४१ वर करून घेतलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाटात टाकणे.

हौद्यात माणसे बसवण्याबद्दल आम्ही इतरांना काय सांगणार? त्या दिवसानंतर आम्ही बायांसाठी वडाप ठरवून देतो. दिवसाला काही रुपये जास्त जातात. जिचे हाड मोडले त्या बाईचा दवाखान्याचा खर्च आम्ही केला, तो करणे भागच होते. दोन महिन्यांच्या तिच्या मजुरीचेही दिले. ओझ्याचे म्हणाल तर २०१९ पासून जादा मालाचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा झाला आहे, ते सर्वांना माहीत आहे आणि कोणी मानत नाही.

राहिला तो पोरगा. काट्यावरचे आकडे बघितल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. पोरगा म्हणाला, "अण्णा, म्या सांगितलं हुतं." एवढेच. आम्ही परत ये म्हणालो. तो आला नाही. आता तालुक्याच्या गावी दुधाच्या टेम्पोवर आहे. गावात मोबाईलची गोष्ट अजून काही जण सांगतात, म्हणून हे नाव-गाव न घालता पण छापून लिहीत आहोत. चूक त्याची नव्हती.

येत्या वार्षिक सभेत हवेच्या सोयीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. सूचक म्हणून सही आमची झाली आहे, अनुमोदनाला अजून एक सही हवी आहे. तोवर डायलचा एक हवेचा काटा आम्ही विकत आणून आमच्या गट कार्यालयात दारामागच्या खिळ्याला टांगला आहे. ज्याला लागेल त्याने न्यावा, पहाटे लावावा, आणि परत त्याच खिळ्याला आणून टांगावा. व्हॉल्व्हची टोपी मात्र लावायला विसरू नये. चिखल तिथूनच आत जातो.